पाण्याच्या मागोमाग: सेनेगलच्या खाडीपासून मॉरिटानियाच्या वाळवंटापर्यंत

सेनेगलमधली सालूम नदीची खाडी आणि मॉरिटानियातलं शिंगेटी हे वाळवंटी गाव यांच्यात दक्षिणोत्तर अंतर जेमतेम साडेसातशे किलोमीटर. मुंबई-नागपूरच्या हवाई अंतरापेक्षा थोडंसंच जास्त. पण खाडीकाठी वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, सँ-लुई शहरात अडीचशे-तीनशे, मॉरिटानियाच्या राजधानीत, नुआकशॉटला, शंभरच्या आसपास आणि शिंगेटीला त्याहूनही कमी. तिवरांच्या जंगलापासून वाळूच्या टेकड्यांपर्यंत सगळं एवढ्या पट्ट्यात बसतं, आणि त्यासोबत घरं, शेती, जेवण, पाहुण्याला वागवायची रीत हेही बदलत जातं.

म्हणून हा प्रवास समजून घ्यायचा तर प्रत्येक मुक्कामी तीन प्रश्न विचारावेत. इथे पाणी कुठून येतं? किती महिने टिकतं? आणि त्यावर हक्क कुणाचा? चांगला गाइड याच तीन प्रश्नांची उत्तरं दाखवत फिरवतो. बाकीचे नुसती ठिकाणं दाखवतात.

माली का नाही, आणि कधी जायचं

‘गावं, नदी, वाळवंट’ म्हटलं की पूर्वी नाव निघायचं मालीचं: नायजर नदी, जेने, डोगोन लोकांचे कडे, टिंबक्टू. २०१२ मध्ये टिंबक्टू सशस्त्र गटांच्या हाती गेलं, तिथले जुने दर्गे पाडले गेले. ते पुन्हा बांधले, पण परिस्थिती निवळली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नायजर नदीवर प्रवासी बोटीवरच हल्ला झाला. कुणी कितीही खात्री दिली तरी सध्या तिकडे जाऊ नये. मॉरिटानियातही मालीच्या सीमेलगतचा पूर्वेचा भाग टाळावा. त्यामुळे उलाता हे सुंदर जुनं गाव या मार्गात येत नाही. सेनेगलचा किनारा आणि सेनेगल नदी करून मॉरिटानियाच्या अद्रार प्रांतात, म्हणजे शिंगेटीकडे, जाणारा मार्ग मात्र शक्य कोटीतला आहे. तरी तिकिटं काढायच्या आधी भारतीय दूतावासाची ताजी सूचना आणि व्हिसाचे नियम वाचाच, कारण ते बदलत राहतात.

निघायचं नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. जून ते ऑक्टोबर पाऊस असतो, कच्चे रस्ते चिखलात जातात, डास माजतात आणि गावातली माणसं शेतात राबत असतात. जुलै ते सप्टेंबर हे तर घरातलं जुनं धान्य संपत आलेलं आणि नवं हाती न आलेलं, असे ओढगस्तीचे महिने. तेव्हा पाहुणा म्हणून जाऊन बसणं त्यांच्यावर भार टाकणं आहे. मार्चनंतर वाळवंट तापू लागतं, मे-जूनमध्ये तापमान चाळिशीच्या बरंच पुढे जातं. डिसेंबर-जानेवारीत अद्रारमध्ये दिवसा पंचवीस-तीस अंश आणि रात्री दहाच्या खालीही जातं. वाळवंटात जातोय म्हणून स्वेटर घरी ठेवणारे पहिल्याच रात्री कुडकुडतात.

दिवस अठरा ते वीस हवेत: चार सालूमला, चार-पाच सँ-लुई आणि नदीला, दोन सीमा आणि नुआकशॉटला, सहा अद्रारला, बाकी जाण्यायेण्याचे. दोन आठवड्यांहून कमी वेळ असेल तर सालूम, नदी आणि अद्रार या तिन्हींपैकी एक सरळ गाळा. तिन्ही कोंबले तर सगळा वेळ गाडीत जातो.

तयारीत सर्वांत आधी करायची गोष्ट म्हणजे पीतज्वराची लस. ती केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते, तिथे ठरावीक वारी लोकांना बोलावतात, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. म्हणजे निघण्याआधी किमान महिनाभर मागे लागा. एकदा घेतली की आता ती आयुष्यभर चालते. सेनेगल आणि मॉरिटानिया दोन्ही भारताच्या पीतज्वर यादीत आहेत. पिवळं कार्ड, म्हणजे या लशीचं प्रमाणपत्र, नसेल तर परतताना विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हे नुसतं कागदी घोडं नाही: हा रोग पसरवणारा डास आपल्याकडे भरपूर आहे, विषाणू मात्र नाही. तो शिरला तर काय होईल याची धास्ती आहे. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

मलेरियाची प्रतिबंधक गोळीही लागते. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. घरी आलो, आता काय, म्हणून गोळी थांबवणं ही नेहमीची चूक. यकृतात दडलेला परोपजीवी नंतर रक्तात उतरतो, तेव्हा त्याला गाठायला औषध रक्तात असावं लागतं. परतल्यावर दोन-तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘पश्चिम आफ्रिकेतून आलोय’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

उलटी नदी आणि शिंपल्यांची बेटं

सेनेगलच्या राजधानीचा, डाकारचा, विमानतळ २०१७ च्या अखेरीपासून शहराबाहेर, दियास इथे आहे. तिथून दक्षिणेला सालूमकडे थेट निघता येतं. डाकार आणि गोरे बेट परतीच्या दोन दिवसांत पाहावं.

सालूमचं पाणी कुठेही चाखा, खारटच लागेल. यात नवल नाही, खाडीच आहे ती. नवल पुढे आहे: समुद्रापासून आत आत जावं तसं पाणी कमी खारट व्हायच्या ऐवजी जास्त खारट होत जातं. वरून गोडं पाणी फारसं येतच नाही, जमीन सपाट, त्यामुळे समुद्राचं पाणी भरतीबरोबर दूरवर शिरतं आणि उन्हानं आटून घट्ट होत राहतं. १९७० नंतरच्या दुष्काळांत हे फार वाढलं आणि तिवरांची मोठी राई वाळून गेली. आत काओलाक शहराजवळ म्हणूनच मिठागरं आहेत.

मग अशा बेटांवरची गावं पितात काय? पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर, वजनानं हलकं असल्यामुळे, तरंगत राहतं. विहीर त्या पातळ थरापर्यंतच खणायची. जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं आणि विहीर नासते. काही बेटांवर पिण्याचं पाणी होडीतून आणावं लागतं. तेव्हा मुक्कामाच्या घरी अंघोळीला एक बादली ठेवली असेल तर ती एकच बादली आहे असं धरून चाला.

इथली जमीनसुद्धा जागोजागी माणसांनी घडवलेली आहे. शेकडो वर्षं बायकांनी कालवं आणि शिंपले उकडून मांस काढलं आणि कवचं एका जागी टाकली. त्यांचे ढीग वाढत बेटं झाली. काही ढीग शेकडो मीटर लांब आहेत. अशा दोनशेहून जास्त टेकाडांची नोंद आहे आणि त्यांतल्या काहींवर थडगीही आहेत. याच कारणानं २०११ मध्ये हा त्रिभुज प्रदेश युनेस्कोच्या वारसा यादीत आला. टेकाडांवर गोरखचिंचेची झाडं दाट दिसतात, कारण चुनखडीची ही माती त्यांना मानवते. जोआलजवळचं फादियूत हे तर पूर्ण गावच शिंपल्यांवर उभं आहे. पायाखाली सतत कुरकुर आवाज येतो. दफनभूमीत ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारी-शेजारी आहेत. धान्याची कोठारं गावापासून दूर, पाण्यात खांबांवर उभी केलेली, म्हणजे गावात आग लागली तरी धान्य वाचतं आणि उंदीर पोचत नाहीत.

कालवं तिवरांच्या मुळांना चिकटून वाढतात. पूर्वी मूळच तोडून आणायचे, त्यानं झाड मरायचं. आता पुष्कळ गावांत सुरीनं कालव सुटं करतात आणि मूळ राखतात. होडीची फेरी ठरवताना वेळ गाइडला नाही, भरती-ओहोटीला विचारायची. ओहोटीला चिंचोळ्या पाटात होडी रुतली की तीन-चार तास उन्हात बसण्यावाचून गत्यंतर नाही, आणि अशा वेळी पाणी बरोबर नसणं ही खरी अडचण होते.

गावात पाय ठेवताना

गाइडचं खरं काम इथे सुरू होतं, आणि ते म्हणजे परवानगी मागणं. गावात शिरल्यावर आधी गावप्रमुखाकडे जायचं. भेट म्हणून कोलाच्या बिया देतात: लाल किंवा पांढऱ्या, कडूजहर, तरतरी आणणाऱ्या. त्या दक्षिणेच्या जंगलातून येतात, इथे पिकत नाहीत, म्हणून त्यांना मान. बाजारातून घेतल्यावर ओल्या पानांत गुंडाळून ठेवा. उघड्या राहिल्या तर सुकून सुरकुततात आणि सुकलेली बी देणं बरं दिसत नाही. मुलांना गोळ्या-पेनं वाटू नका. एकदा वाटलं की पुढच्या पाहुण्यामागे पोरं धावतात आणि आईवडिलांना ते लाजिरवाणं होतं. द्यायचं ते शाळेला किंवा बायकांच्या गटाला, गावप्रमुखासमोर.

नमस्कार उरकायचा नसतो. सलाम झाला की वोलोफमध्ये, म्हणजे सेनेगलमध्ये सर्वत्र चालणाऱ्या भाषेत, विचारतात, “नांगा देफ?” म्हणजे कसं काय. उत्तर ठरलेलं: “मांगी फी रेक”, इथेच आहे बस्स. मग “अना वा केर गा?” घरची मंडळी कुठे आहेत? “न्युंगा फा”, तिथे आहेत. शब्दशः अर्थ एवढाच, पण ही देवाणघेवाण झाल्याशिवाय रस्ता विचारणंसुद्धा उद्धटपणा. त्यानंतर आडनाव विचारतात. आडनावाला वोलोफमध्ये शब्द आहे ‘संत’, आणि त्याचाच दुसरा अर्थ स्तुती करणं, आभार मानणं. आपल्या शब्दाशी नातं काही नाही, पण लक्षात राहायला सोपं. ठरावीक आडनावांत थट्टेचं नातं असतं. न्जाय आडनावाचा माणूस जोप आडनावाच्या अनोळखी माणसालाही ‘तुम्ही लोक भात हादडणारे’ म्हणून चिडवू शकतो, आणि समोरच्यानं रागवायचं नसतं. दोन कुळं, दोन जमाती यांच्यातली तेढ वाढू न देणारी ही जुनी सोय आहे.

जेवण एका मोठ्या परातीत. भोवती बसायचं, उजव्या हातानं खायचं, आणि आपल्यासमोरचा त्रिकोण सोडून हात पलीकडे घालायचा नाही. मधले मासे आणि भाज्या घरची बाई तोडून प्रत्येकाच्या बाजूला सरकवते. ते तिचं काम, आपण ओढून घ्यायचं नाही. पोट भरलं की “सूर ना” म्हणून उठलेलं चालतं. बहुतेक वेळा परातीत चेबू-जेन असतो, म्हणजे माशाच्या रशात शिजवलेला भात. २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलेला पदार्थ. शाकाहारी माणसाची इथे ओढाताण होते हे मोकळेपणानं सांगायला हवं: भाजीच्या रशातही सुके मासे असतात. न्दाम्बे मात्र हमखास मिळतं, पावात भरलेली चवळीची उसळ, सकाळी रस्त्यावर. पण मसाल्याच्या वडीत मांसाचा अर्क असू शकतो, तेव्हा विचारून घ्या.

चवळी मूळची पश्चिम आफ्रिकेचीच. आणि बाजरीही. साहेलच्या या कोरड्या पट्ट्यात, उत्तर मालीत, साडेचार हजार वर्षांपूर्वीची लागवडीची बाजरी सापडली आहे. तिथून पुढे ती साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी भारतात पोचली. आपली भाकरी ज्या धान्याची, त्याचं माहेर हे. इथे तिची भाकरी नाही करत, ‘चेरे’ करतात, आणि ते करताना जवळ बसून पाहावं.

आधी उखळात दोघी-तिघी आळीपाळीनं मुसळ घालून बाजरीचा कोंडा काढतात, मग धुऊन, निथळून पीठ कुटतात. मोठ्या भोपळ्याच्या कवटीत पीठ घेऊन त्यावर पाण्याचा हबका मारायचा आणि बोटं पसरून गोल गोल फिरवायची. पिठाच्या बारीक कण्या वळू लागतात, जाडसर रव्याएवढ्या. चाळणीतून खाली पडलेलं पीठ पुन्हा हबका मारून वळायचं. पाणी जास्त झालं की गोळे होतात आणि मधे कच्चे राहतात. कण्या भोकाच्या भांड्यात घालून उकळत्या भांड्यावर ठेवायच्या आणि दोन भांड्यांमधली फट ओल्या पिठानं किंवा चिंधीनं लिंपायची. वाफ तिथून पळाली तर वरचं भांडं तासभर ठेवूनही शिजत नाही. पहिल्या वाफेनंतर कण्या मोकळ्या करून त्यात लालो मिसळतात, म्हणजे गोरखचिंचेच्या वाळवलेल्या पानांची पूड. भेंडीसारखा किंचित चिकटपणा येतो आणि चेरे ओलसर राहतो. लालो नसेल तर तोच घास घशात अडकतो. मग दुसरी वाफ.

नदी: ओलीवरची शेती आणि दोन धरणं

सालूमकडून उत्तरेला सँ-लुईला जायला पूर्ण दिवस धरा. भाड्याची गाडी नसेल तर सात आसनी ‘सेट-प्लास’ असते. ती वेळेवर नाही, सात माणसं भरली की सुटते. सकाळी सातला अड्ड्यावर पोचलात तर लवकर भरते. सामानाचे पैसे वेगळे, आणि ते बसण्याआधी ठरवा.

सँ-लुईला नदी समुद्राशी येऊन लगेच मिळत नाही, वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्याच्या आतून दक्षिणेकडे वाहत जाते. ऑक्टोबर २००३ मध्ये पुराचं पाणी शहरात शिरेल या भीतीनं या पट्ट्यातून सुमारे चार मीटर रुंदीचा चर खणला. पाणी ओसरलं, शहर वाचलं. पण नदीच्या आणि समुद्राच्या रेट्यानं चर रुंदावत गेला: काही दिवसांत शेकडो मीटर, पुढे किलोमीटरांत. समुद्र आत आला, विहिरी आणि भाजीचे मळे खारट झाले, दून बाबा जिये नावाचं गाव पाण्यात गेलं. गेट न्दार या मच्छीमार वस्तीच्या टोकाला उभं राहिलं की लाटांनी अर्धी कापलेली घरं दिसतात. तिथे फोटो काढायच्या आधी विचारा. कुणाचं तरी घर गेलेलं आहे ते.

नदीचं कोडं असं की काठावर पाऊस थांबल्यावर तिला पूर येतो. पाणी येतं गिनीच्या फूटा जालॉन डोंगरातून, शेकडो मैलांवरून. तिथे जुलै ते सप्टेंबर कोसळतं, आणि उतार नगण्य असल्यामुळे लोंढा रांगत रांगत मधल्या खोऱ्यात सप्टेंबर-ऑक्टोबरला पोचतो. म्हणून काठचे शेतकरी जमिनीचे दोन भाग मानतात. पुरात बुडणारी ती वालो, वरची पावसावरची ती जेरी. जेरीत पावसाळ्यात बाजरी. पूर ओसरला की वालोच्या चिकण मातीत काठीनं भोक पाडून ज्वारी टोकायची आणि वरून कोरड्या मातीनं झाकायचं, म्हणजे ओल उडत नाही. पुढे कापणीपर्यंत थेंब नाही. मुळं ओलीच्या मागे खाली जातात. सोलापूरकडे काळ्या रानात रब्बीची ज्वारी ओलीवर येते, तोच हिशेब. आणि पीक काढल्यावर त्याच रानात फुलानी गुराखी जनावरं घालतात: धाटं जनावरांना, शेण शेताला. कुणी आधी यायचं, कधी यायचं हे ठरलेलं असतं. वेळ चुकली, उभ्या पिकात गुरं शिरली, की भांडणं.

हा हिशेब दोन धरणांनी बदलला. मुखाजवळचं दियामा १९८६ मध्ये झालं, खारं पाणी वर चढू नये म्हणून. वर मालीतलं मानांताली १९८८ मध्ये, पाणी साठवायला. भातशेतीला बारमाही पाणी मिळालं हा मोठा फायदा. पण पूर आखडला आणि वालोची ज्वारी कमी झाली. पाणी कायम गोडं आणि संथ झाल्यानं पाणकणीस माजलं, गोगलगायी वाढल्या. दियामाच्या आधी नदीत वर-खाली ये-जा करणारी कोळंबी त्या गोगलगायी खायची. अंडी घालायला तिला मुखाजवळच्या मचूळ पाण्यात उतरावं लागतं आणि धरणानं ती वाट अडवली. परिणाम: १९८८ पासून रिशार-तोल भागात बिल्हार्झियाची, म्हणजे गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या कृमींच्या रोगाची, मोठी साथ.

प्रवाशानं यातून एक नियम घ्यावा. खाडीच्या खाऱ्या पाण्यात हा रोग नाही, पण धरणाच्या वरच्या गोड्या पाण्यात, पाणकणसांच्या काठाशी, पायही बुडवू नका. गोगलगायीतून सुटलेल्या सूक्ष्म अळ्या काही मिनिटांत कातडीतून आत जातात. टॉवेलनं खसखसून पुसणं भरवशाचं नाही. पाय पडलाच तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्या. औषध साधं आहे, दुर्लक्ष महाग पडतं. सँ-लुई ते पोदोर जाणाऱ्या जुन्या बू एल मोगदाद बोटीवर बसून नदी पाहणं हा सर्वांत सुखाचा मार्ग. जूज अभयारण्यही याच टापूत: सहारा ओलांडून आलेल्या पक्ष्यांना लागणारं हे पहिलं मोठं पाणी.

सीमा आणि पैसे

मॉरिटानियात जायला दोन वाटा. रोसोला नदीवर फेरी आहे. दुपारी मधली सुट्टी असते आणि ‘कागद करून देतो’ म्हणणारे घोळका करतात. पासपोर्ट गणवेशातल्या माणसाखेरीज कुणाच्या हाती देऊ नका. दियामाला धरणावरूनच रस्ता जातो, गर्दी कमी. पावसानंतर पलीकडच्या भागात चिखल होतो, म्हणून आदल्या दिवशी विचारून निघा. धरणावर क्षणभर थांबलात तर एका बाजूला खारं, एका बाजूला गोडं पाणी दिसतं.

पुढे जागोजागी पोलिसांच्या चौक्या लागतात. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट आणि व्हिसा क्रमांक, व्यवसाय लिहिलेल्या कागदाच्या तीसेक प्रती जवळ ठेवा. याला ‘फिश’ म्हणतात. दिला की दोन मिनिटांत सुटका, नसेल तर हवालदार वहीत लिहीत बसतो.

सेनेगलचा सीएफए फ्रँक युरोला बांधलेला आहे: एका युरोला ६५५.९५७. मॉरिटानियाच्या उगियाची गोष्ट वेगळी. २०१८ च्या सुरुवातीला दहा जुन्या उगियाची एक नवी झाली, पण बाजारात पुष्कळ लोक अजून जुन्यातच बोलतात. कुणी हजार म्हणालं तर नोट शंभराची द्यायची असू शकते. दर वेळी विचारा: जुने की नवे? आणि या देशात दारू बंद आहे. सामानात नेऊ नका.

वाळू

नुआकशॉटहून अद्रारमधलं अतार हे गाव साडेचारशे किलोमीटर, डांबरी. तिथून शिंगेटी ऐंशीच्या आसपास, आणि त्यानंतर वाळू. गाडीच्या चाकांत डांबरावर पस्तीसेक पीएसआय हवा असते; मऊ वाळूत ती अठरा-वीसपर्यंत उतरवतात. चाक पसरतं, वजन जास्त जागेवर जातं, गाडी तरंगल्यासारखी चालते. रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबणं ही हमखास चूक, चाक स्वतःची कबर खणतं. उतरा, चाकांपुढची वाळू हातानं काढा, पत्रे सरकवा, हवा आणखी कमी करा, मग हळू. सकाळी थंडाव्यात वाळू घट्ट असते, म्हणून अवघड टप्पे अकराच्या आत उरकतात. परत डांबरावर येताच हवा भरा. कमी हवेत वेगानं चालवलं तर टायर तापून फुटतो. निघताना स्टेपन्या दोन आहेत का आणि हवा भरायचा पंप चालतो का, हे स्वतः पाहा.

उंटांबरोबर चालायचं असेल तर दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर: सकाळी तीन-चार तास, दुपारी मोठा विसावा, संध्याकाळी दोन तास. उंट मुख्यतः सामान वाहतात. थंडीतही पिण्यासाठी माणशी चार-पाच लिटर पाणी रोज, स्वयंपाकाचं वेगळं. विहिरीवर पोचलात तर आधी तिथे असलेल्यांची जनावरं पाणी पितील, मग तुमची बारी. बाटली घेऊन पुढे घुसू नका. बूट झटकून घाला, विंचू असतात. एक छोटा चिमटा हवाच, कारण क्रामक्राम नावाच्या गवताची काटेरी बोंडं मोज्यात आणि बोटांत रुततात.

रात्री उंटवाले वाळूतच पाव भाजतात. शेकोटीचे निखारे बाजूला सारून तापलेल्या वाळूवर कणकेची जाड थापी टाकतात, वर गरम वाळू आणि निखारे. अर्ध्या तासानं उलटायची. काढल्यावर थापटून झटकतात, आणि दाताखाली वाळू जवळजवळ येत नाही, कारण कणीक घट्ट मळलेली असते आणि वाळू इतकी तापलेली की वरचा पापुद्रा लगेच धरतो. कणीक सैल झाली की वाळू आत बसते.

चहा तीन पेले. चिनी हिरवी पत्ती लहान किटलीत, निखाऱ्यावर. पेल्यातून पेल्यात उंचावरून ओतत राहतात, फेस भरेपर्यंत; फेस नसलेला चहा देणं कमीपणाचं. पहिला पेला कडू, दुसरा मधला, तिसरा गोड, पत्ती तीच, साखर आणि पुदिना वाढत जातो. यात तासभर सहज जातो. तिसऱ्याआधी उठू नये. रात्री दहानंतर असा चहा घेतला की झोप उडते, पण नको म्हणायची वेळ पहिल्या पेल्याच्या आधीची असते, मधली नाही.

शिंगेटीच्या जुन्या भागात दगडी मशीद आहे, चौकोनी मिनारावर शहामृगाची अंडी बसवलेली. मुसलमानेतरांनी आत जायचं नाही; बाहेरून पाहा. काफिले थांबत, हज यात्रेकरू जमत, त्यांच्याबरोबर कागद आणि पुस्तकं येत. ती घराण्यांनी सांभाळली, आणि आज जेमतेम डझनभर कौटुंबिक ग्रंथसंग्रह उरलेत. कुराणाबरोबर खगोल, गणित, कायदा, व्याकरण. दाराला लाकडी कुलूप असतं आणि किल्ली दिसते दात घासायच्या ब्रशसारखी: लाकडी पट्टी, एका टोकाला खुंट्या. कुलपाच्या आत सुट्या खुंट्या स्वतःच्या वजनानं अडसरातल्या भोकांत पडून तो धरून ठेवतात. किल्ली खाचेत सारून वर उचलायची. तिच्या खुंट्या आतल्या खुंट्यांना बरोबर वर ढकलतात आणि अडसर मोकळा होतो. खुंट्यांची मांडणी प्रत्येक दाराची वेगळी.

कोरड्या हवेत बुरशी धरत नाही, म्हणून ही पोथीपानं इतकी शतकं टिकली. वाळवी त्रास देते, हाताळणीनं ठिसूळ कागद तुटतो, पण सर्वांत मोठं भय पावसाचं. वर्षातून एक-दोनदा येणारी सर ताडाच्या खोडांचं आणि मातीचं छप्पर झिरपवते, आणि शाई एका रात्रीत फुटते. संग्रह पाहायला जाल तेव्हा पानाला हात लावू नका, फ्लॅश बंद ठेवा, पाण्याची बाटली दाराबाहेर. ठरलेली रक्कम घासाघीस न करता द्या. पुढच्या सरीआधी छपरावर मातीचा नवा थर चढवायचा असतो, तो या पैशांतून.